मे महिन्यातली चाचणी, नोव्हेंबरातली पेरणी

गव्हाची पेरणी होऊन दहा-बारा दिवस झाले, तासातली रोपांची रेघ तुटक दिसू लागली आणि शेतकऱ्याने तक्रार केली, की त्याला मिळणारे उत्तर ठरलेले असते. बियाणे प्रमाणित आहे, पिशवीला निळा टॅग आहे, उगवणशक्ती किमान 85 टक्के असल्याचे छापलेले आहे, प्रयोगशाळेचा अहवाल दप्तरी आहे; तेव्हा दोष पेरणीचा, ओलाव्याचा नाहीतर जमिनीचा. हे उत्तर देणारे खोटे बोलतात असे माझे म्हणणे नाही. बहुतेक वेळा टॅग खरा असतो, अहवाल खरा असतो आणि चाचणीही नियमाप्रमाणे झालेली असते. माझा आक्षेप आहे तो या खऱ्या गोष्टींवरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षावर. चाचणी बियाण्याची त्या दिवशीची अवस्था सांगते, आणि पेरणी त्या दिवशी होत नाही. आपल्याकडे गहू मार्च-एप्रिलमध्ये निघतो, प्रक्रिया केंद्रावर साफ होऊन उन्हाळ्यात किंवा पावसाळ्याच्या तोंडाशी तपासला जातो आणि मातीत पडतो तो नोव्हेंबरात. मधले पाच-सहा महिने बियाणे कुठे होते, किती तापले, किती हवा प्यायले, याची जबाबदारी आज प्रत्यक्षात कोणाचीच नाही. ती विकणाऱ्याची असली पाहिजे, आणि त्यासाठी पेरणीच्या तोंडावर प्रत्येक लॉटची पुन्हा उगवण चाचणी होऊन तिचा निकाल विक्रीआधी जाहीर झाला पाहिजे, एवढेच मला मांडायचे आहे. या मागणीवर जे आक्षेप घेतले जातात ते मला टिकाऊ वाटत नाहीत. मात्र ते दुर्लक्ष करण्याजोगेही नाहीत, म्हणून एकेक घेऊन पाहू.

आधी 85 हा आकडा शेतात काय करतो ते पाहिले पाहिजे, कारण पुष्कळांना तो केवळ सरकारी मर्यादा वाटतो. बागायती वेळेवर पेरणीसाठी हेक्टरी 100 ते 125 किलो बियाण्याची शिफारस आहे. हजार दाण्यांचे वजन 40 ग्रॅम धरले तर 100 किलोत 25 लाख दाणे येतात. त्यांतले 85 टक्के उगवले तर सव्वाएकवीस लाख रोपे होतात, आणि चांगल्या उत्पादनासाठी हेक्टरी 20 ते 22 लाख रोपे असावीत असे आपली कृषी विद्यापीठे वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. म्हणजे एकरी 40 किलोची पिशवी, 85 टक्के उगवण आणि अपेक्षित रोपसंख्या ही एकाच गणिताची तीन टोके आहेत. यात पडझडीला फारशी जागा ठेवलेली नाही. त्याच पिशवीतली उगवण 65 टक्क्यांवर आली तर रोपे सव्वासोळा लाख उरतात, म्हणजे हेक्टरी पाच लाख रोपे कमी. शेतकऱ्याने पिशवीचे पूर्ण पैसे मोजलेले असतात, शिफारशीइतकेच बी टाकलेले असते, आणि तरीही त्याचे शेत पेरणीच्या दिवशीच विरळ झालेले असते. त्यानंतर खत, पाणी, निंदणी कितीही चोख ठेवली तरी जी रोपे उगवलीच नाहीत ती भरून निघत नाहीत. आणि पुन्हा पेरायचे तर वेळ हातात नसतो: पंधरा नोव्हेंबरनंतर पेरणी लांबेल तसे दर पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटल उत्पादन घटते, हे निफाडच्या गहू संशोधन केंद्राचे सांगणे गहू पिकवणाऱ्या प्रत्येक गावात माहीत आहे. उगवण कमी आहे हे कळायला आठ-दहा दिवस लागतात, तक्रार, पाहणी आणि दुसऱ्या बियाण्याची जुळवाजुळव यांत आणखी तितकेच. दुबार पेरणी म्हणजे एक पंधरवडा गेलाच.

आता चाचणीकडे. तिच्यावर होणारी एक टीका चुकीची आहे, आणि शेतकऱ्यांच्या बाजूने बोलणारेच ती करतात म्हणून ती आधी बाजूला सारतो. 200 क्विंटलपर्यंतच्या लॉटमधून नमुना काढला जातो आणि त्यातले 400 दाणे शंभर-शंभरच्या चार संचांत ओल्या कागदात ठेवले जातात. 200 क्विंटल म्हणजे अंदाजे 50 कोटी दाणे. त्यांतल्या 400 वरून काय कळणार, असा सवाल केला जातो. पुष्कळ कळते. लॉट नीट एकजीव असेल आणि नमुना वेगवेगळ्या गोण्यांतून, वर-मध्ये-खाली असा घेतलेला असेल तर 400 दाण्यांच्या चाचणीतला फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास राहतो. लॉट 50 कोटींचा आहे की 5 कोटींचा, याने त्यात फारसा बदल होत नाही. 20 अंश तापमान, चौथ्या दिवशी पहिली मोजणी, आठव्या दिवशी शेवटची, आणि मोजताना नुसते मोड आलेले दाणे नव्हेत तर मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेली रोपेच धरायची, ही पद्धत जगभर घासूनपुसून तयार झालेली आहे. ती मोडीत काढण्याचे काहीच कारण नाही. चूक चाचणीच्या रीतीत नाही, तिच्या वेळेत आहे. मे महिन्यात 91 टक्के आलेली उगवण हे मे महिन्याबद्दलचे सत्य आहे.

मे ते नोव्हेंबर या काळात बियाण्याचे काय होते, हे शास्त्राला चांगले ठाऊक आहे. हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञाचा ढोबळ नियम असा की बियाण्यातला ओलावा एक टक्क्याने वाढला की त्याचे आयुष्य निम्मे होते, आणि साठवणीचे तापमान पाच अंशांनी वाढले तरी ते निम्मे होते. गव्हाच्या प्रमाणित बियाण्यात साध्या पिशवीसाठी 12 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. हवाबंद पिशवी असेल तर मर्यादा 8 टक्के आहे. आपल्याकडची बहुतेक पिशवी साधी, हवा आत-बाहेर करणारी. ती पावसाळ्याच्या दमट हवेत राहिली आणि आतले बी 12 वरून 14 टक्क्यांवर गेले, तर त्याचे उरलेले आयुष्य चौथ्या हिश्श्यावर आले. अकोला, परभणी, जळगाव या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि पत्र्याखालचे गोदाम बाहेरपेक्षा कमी तापत नाही. त्यातच बियाण्याची थप्पी पाणी ओढून घेणाऱ्या युरियाच्या गोण्यांना लागून रचलेली असेल, फरशीवर लाकडी फळ्या नसतील, तर नियमपुस्तिकेतली साठवण आणि प्रत्यक्षातली साठवण यांत केवढे अंतर पडते ते वेगळे सांगायला नको. आणि ही घसरण सरळ रेषेत होत नाही. एलिस आणि रॉबर्ट्स यांनी 1980 मध्ये मांडलेल्या सूत्राने हिशेब केला तर एकाच परिस्थितीत ठेवलेले बी 98 वरून 85 वर यायला जेवढा काळ घेते, त्याहून कमी काळात ते 85 वरून 60 वर येते. टक्क्यांच्या हिशेबात ही दुसरी घसरण जवळजवळ अडीचपट वेगाची आहे. याचा अर्थ असा की मे महिन्यात 97 टक्के उगवलेला लॉट आणि 86 टक्के उगवलेला लॉट यांना आपण एकच निळा टॅग लावतो, पण पहिला अजून माथ्यावर आहे आणि दुसरा उताराला लागलेला आहे. दोघांचा उन्हाळा-पावसाळा एकाच गोदामात गेला तर नोव्हेंबरात ते दोन वेगळे माल असतात.

या सगळ्याकडे नियम कसे पाहतात? प्रमाणित बियाण्याची वैधता चाचणीच्या तारखेपासून नऊ महिने, आणि पुन्हा तपासून पास झाल्यास आणखी सहा महिने. वातानुकूलित गोदामातल्या लॉटलाही नऊ महिने आणि पत्र्याखालच्या लॉटलाही नऊच. नियमातले घड्याळ महिने मोजते. उष्णता आणि दमटपणा ते मोजतच नाही. मेमध्ये तपासलेला लॉट फेब्रुवारीपर्यंत कागदोपत्री जिवंत राहतो, मग आत काहीही झालेले असो. गंमत म्हणून नव्हे, तर मुद्दाम लक्षात घ्यावी अशी गोष्ट ही की 1966 च्या बियाणे कायद्याचे कलम 7 याच्या नेमके उलट बोलते. अधिसूचित वाणाचे बियाणे उगवण आणि शुद्धतेच्या किमान मर्यादेत बसत असल्याखेरीज कोणीही ते विकू नये, विक्रीसाठी ठेवूही नये, असे ते कलम आहे. कधीकाळी बसत होते एवढ्याने भागत नाही. म्हणून पेरणीपूर्व फेरचाचणीची मागणी ही कोणती नवी जाचक अट नाही. कायद्याने विक्रेत्यावर साठ वर्षांपूर्वी टाकलेले बंधन प्रत्यक्षात पाळले जाते की नाही, हे पाहण्याचा तो एकमेव मार्ग आहे.

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप असा: गहू म्हणजे सोयाबीन नव्हे. सोयाबीनचे टरफल पातळ, तेल जास्त, गोणी दोनदा आपटली तरी अंकुराला इजा होते. गहू टणक, तो बरा साठवला तर वर्ष-दोन वर्षे सहज टिकतो. हे पूर्णपणे खरे आहे, आणि माझ्या मते हाच फेरचाचणीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. गहू चांगला टिकणारा असेल तर नीट साठवलेले बहुतेक लॉट ऑक्टोबरातही सहज पास होतील. प्रामाणिक उत्पादकाचे त्यात काहीच जाणार नाही. आणि इतके टिकाऊ बी सहा महिन्यांत 85 च्या खाली गेले असेल, तर कुठेतरी मोठी चूक झालेली आहे: कापणीच्या वेळी अवकाळी पावसात ओंबीतच दाण्याला मोड यायला सुरुवात झाली असेल, मळणीयंत्राच्या जास्त फेऱ्यांनी अंकुराचा भाग चिरडला असेल, ओल्या मालाला घाईने गरम हवा दिली असेल किंवा सोंडे आणि भुंगेरे आत शिरले असतील. असे लॉट थोडेच असतील, पण नेमके तेच शोधायचे आहेत. 2020 च्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भात सोयाबीन उगवले नाही, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. आदल्या ऑक्टोबरात काढणीच्या वेळी पडलेल्या पावसाने बियाण्याची प्रत गेली होती, हे सगळ्यांना दिसत होते. धोका सात-आठ महिने आधी माहीत असूनही तो शेतात पोहोचला. गव्हाच्या बाबतीत तेवढा मोठा घोटाळा होईपर्यंत थांबायचे, हे काही शहाणपण नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आणि तक्रारींच्या पंचनाम्यांत सर्वात जास्त वापरला जाणारा: उगवण कमी होण्याची कारणे शेतात असतात. असतातच. आजचे बहुतेक वाण बुटके आहेत आणि त्यांच्या कोंबावरचे आवरण आखूड असते. बी पाच सेंटिमीटरपेक्षा बरेच खोल गेले तर कोंब वर येईपर्यंत ते आवरण संपते. जमीन चिबड असेल, पेरणीनंतर पाणी साचले असेल, वर पापुद्रा धरला असेल, तरी हेच. पण या कारणांची आणि मेलेल्या बियाण्याची खूण मातीतच वेगवेगळी उमटते, आणि उकरून पाहणाऱ्याला ती दिसते. तासातली रिकामी जागा खुरप्याने हळूच मोकळी केली आणि दाण्याला मुळे फुटलेली, पांढरा कोंब वर आलेला पण आवरणाबाहेर पडलेले पान मातीतच घड्या पडून गोळा झालेले सापडले, तर बी जिवंत होते. ते खोल पडले किंवा पापुद्र्याखाली अडकले. दाणा फुगलेला, बोटांत दाबला की पीठ बाहेर येणारा, बुरशीने वेढलेला आणि मुळाचा मागमूस नसलेला सापडला, आणि शेजारच्या तासातले रोप त्याच खोलीवरून नीट वर आलेले असेल, तर खोलीला दोष देता येत नाही. दाणा कोरडा आणि टणकच असेल तर त्याला ओलावा मिळालेला नाही. ही तपासणी करायला ना महागडे यंत्र लागते ना फार वेळ. पाच-सहा ठिकाणी गुडघ्यावर बसून माती बाजूला करावी लागते. तरीही पाहणीच्या अहवालांत बहुधा उगवणीची टक्केवारी आणि संभाव्य कारणांची यादी असते, उकरलेल्या दाण्यांचे वर्णन क्वचितच. शेताचा दोष आणि बियाण्याचा दोष वेगळा करता येत नाही, हे म्हणणे तोवर मान्य करता येणार नाही जोवर तो वेगळा करण्याचा प्रयत्नच होत नाही. आणि ऑक्टोबरच्या चाचणीचा आकडा हाती असेल तर हा प्रश्न कितीतरी सोपा होतो: लॉट ऑक्टोबरात 90 टक्के उगवला असेल तर विक्रेत्यालाही आपल्या बचावासाठी खरा आधार मिळतो. आज त्याच्याजवळ जुना कागद आहे, शेतकऱ्याजवळ तोही नाही.

पुराव्याचा हा असमतोल न्यायालयाच्याही लक्षात आलेला आहे. राष्ट्रीय बियाणे महामंडळाविरुद्धच्या मधुसूदन रेड्डी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2012 मध्ये स्पष्ट केले की बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि बियाणे कायदा असला तरी त्याला ग्राहक मंचाकडे जाता येते. सदोष मालाची प्रयोगशाळेत तपासणी झाली पाहिजे, या ग्राहक कायद्यातल्या अटीबद्दल न्यायालयाचे म्हणणे व्यवहारी होते: शेतकरी घेतलेले सगळे बी पेरून टाकतो, पुढे तक्रार करावी लागेल म्हणून त्यातले थोडे राखून ठेवावे अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येणार नाही, तपासणी हवी असेल तर महामंडळालाच आपल्याकडचे त्या वाणाचे नमुने पाठवता आले असते. या निकालाला इतकी वर्षे झाली, तरी तालुक्याच्या पातळीवर आजही शेतकऱ्याला विचारले जाते, पिशवीतले थोडे बी शिल्लक ठेवले का? बियाणे निरीक्षक नमुना घेतो तेव्हा कायद्याने त्याचे तीन भाग होतात, एक ज्याच्याकडून घेतला त्याला, एक विश्लेषकाला आणि एक निरीक्षकाजवळ राखून ठेवायचा. पण निरीक्षक प्रत्येक लॉटचा नमुना घेत नाही. तो काही लॉट निवडतो. ज्या लॉटचा नमुना घेतलाच गेला नाही त्याच्याबद्दल डिसेंबरात तक्रार आली, तर तपासायला शेतकऱ्याच्या बाजूने काहीच उरलेले नसते. प्रत्येक लॉटची पेरणीपूर्व चाचणी झाली तर त्यातलाच एक सीलबंद भाग पीक निघेपर्यंत जिल्ह्याच्या ठिकाणी राखून ठेवता येईल आणि तक्रारदाराला तो तपासून मागण्याचा हक्क देता येईल.

आणखी एक समजूत फार ऐकू येते: गव्हाला फुटवे येतात, विरळ उगवण झाली तरी पीक भरून काढते. पंजाबात, जिथे डिसेंबर-जानेवारीची थंडी लांब आणि कडक असते, तिथे या म्हणण्यात तथ्य आहे. आपली थंडी आखूड. फुटव्यांना मिळणारे दिवस कमी, आणि उशिरा आलेल्या फुटव्याची ओंबी दाणा भरायच्या वेळी फेब्रुवारीच्या अखेरच्या उन्हात सापडते. 2022 च्या मार्चमधल्या उष्णतेने उत्तर भारतातल्या गव्हाचेही दाणे आकसले आणि 13 मे रोजी केंद्राला निर्यातबंदी घालावी लागली. जिथे उन्हाळा दरवर्षीच लवकर येतो तिथे फुटव्यांच्या भरवशावर रोपसंख्या सोडून देणे म्हणजे हलक्या, चिमलेल्या दाण्याची तयारी करणे. बियाणे थोडे जास्त टाका, हा सल्लाही याच जातीचा आहे. 65 टक्के उगवणीच्या बियाण्यातून तेवढीच रोपे हवी असतील तर हेक्टरी 130 किलो लागते; वाढीव 30 किलोचे पैसे कोण देणार हे सांगितले जात नाही. शिवाय थकलेल्या बियाण्यातून जी रोपे येतात तीही मागे-पुढे आणि अशक्त येतात.

मग शेतकऱ्याने घरचेच बी वापरावे, विकतच्या भानगडीत पडूच नये, असे म्हणणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. गहू स्वपरागसिंचित पीक आहे, संकरित वाणासारखे त्याचे बी दरवर्षी घ्यावे लागत नाही, आणि पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा 2001 ने शेतकऱ्याला स्वतःचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि ब्रँडशिवाय विकण्याचाही हक्क दिलेला आहे. तो हक्क जपलाच पाहिजे. घरच्या बियाण्याची गोणपाटावर शंभर दाणे गुंडाळून केलेली चाचणीही उत्तम. पण घरचे बी हा सगळ्या प्रश्नांचा निकाल नाही. काणीचा रोग दाण्याच्या आत असतो, बाहेरून दाणा निरोगी दिसतो आणि ओंबी बाहेर पडते तेव्हाच काळी भुकटी दिसते. प्रमाणित बीजोत्पादनाच्या शेतात त्यासाठी पाहणी असते, घरच्या शेतात बहुधा नसते. तांबेऱ्याच्या नव्या प्रजाती येतात तशी जुन्या वाणांची प्रतिकारशक्ती कोसळते आणि वाण बदलावाच लागतो. म्हणजे तीन-चार वर्षांतून एकदा तरी शेतकऱ्याला विकतच्या पिशवीकडे यावे लागते, आणि पुढच्या काही वर्षांचे घरचे बी त्याच पिशवीतून तयार होणार असते. ती पिशवी मेलेली निघाली तर नुकसान एका हंगामाचे राहत नाही.

बियाण्याचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा ताबडतोब शिक्षेकडे वळते. 1966 च्या मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला पाचशे रुपयांपर्यंतचा दंड होता, आणि त्याची कोणाला भीती वाटावी असे त्यात काही नव्हते, हे खरेच. 2023 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात बोगस निविष्ठांविरुद्ध कडक विधेयके आली आणि विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवून विरोध केला. बनावट पिशवी शिवणाऱ्याला कडक शिक्षा व्हावी, यात मला शंका नाही. पण बनावट बियाणे आणि थकलेले बियाणे हे दोन वेगळे रोग आहेत. पहिल्यामागे फसवणूक असते, दुसऱ्यामागे बहुतेक वेळा केवळ हयगय, आणि हयगय तुरुंगाच्या धाकाने सुटत नाही, कारण ती करणाऱ्यालाही आपला माल मेला आहे हे ठाऊक नसते. त्याला ते कळवणारी यंत्रणा हवी. 'साथी' पोर्टल आणि पिशवीवरचा क्यूआर कोड यांच्याबाबतही हेच. बियाणे कुठल्या शेतातून, कोणत्या केंद्रातून, कोणत्या विक्रेत्याकडे आले, हा माग आता लागतो, आणि हे मोठे काम आहे. मात्र त्या कोडमागे उगवणीचा आकडा जुनाच असेल तर आपण एका जुन्या माहितीपर्यंत फक्त लवकर पोहोचतो. त्याच नोंदीत ऑक्टोबरचा आकडा आणि तारीख घातली तर शेतकऱ्याला दुकानाच्या उंबऱ्यावरच मोबाइलमध्ये 93 आणि 86 यांतला फरक दिसेल, आणि तो 93 ची पिशवी मागेल. साठवण सुधारण्यासाठी याहून मोठा रेटा दुसरा नाही.

उरतो खर्चाचा आणि टंचाईचा आक्षेप. इतके लॉट तपासायचे कसे? पुणे, नागपूर आणि परभणी येथे शासनाच्या बीज परीक्षण प्रयोगशाळा आहेत, कृषी विद्यापीठांत आणि बियाणे महामंडळाकडे उगवण कक्ष आहेत. 200 क्विंटलच्या लॉटमध्ये 40 किलोच्या 500 पिशव्या असतात, म्हणजे 500 एकरांमागे एक चाचणी: 400 दाणे, ओले कागद, 20 अंशांचा कक्ष आणि आठ दिवस. नमुना पावसाळा सरताना, सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, उत्पादकाच्या आवारातून नव्हे तर माल जिथे पडून आहे त्या जिल्ह्याच्या गोदामातून घ्यायचा. एकच लॉट तीन ठिकाणी विखुरला असेल तर तिन्ही ठिकाणचा. भौतिक शुद्धता किंवा वाणाची ओळख पुन्हा तपासायची गरज नाही, त्या गोष्टी गोदामात बदलत नाहीत. बदलते ती उगवण, आणि ओलावा. तेवढेच तपासायचे. लॉट नापास झाले तर ऐन हंगामात बियाणे कमी पडेल, ही भीती मात्र मी समजू शकतो, कारण टंचाईच्या वर्षी अधिकाऱ्यावर माल सोडण्याचा किती दबाव येतो हे जाहीर आहे. पण मेलेल्या बियाण्याने टंचाई भरून निघत नाही, ती फक्त दोन आठवडे उशिरा उघडी पडते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कळले तर दुसऱ्या जिल्ह्यातून, शेजारच्या राज्यातून माल आणायला महिना तरी मिळतो.

यात एक गोष्ट मात्र आजच्या पद्धतीत बदलावी लागेल. औषध चोळून, रंग लावून पिशव्या शिवल्या की ते बी खाण्यासाठी विकता येत नाही. मग नापास लॉटचा पूर्ण तोटा अंगावर येतो, आणि म्हणूनच तो कसाही करून खपवण्याकडे कल होतो. बीजप्रक्रिया आणि शेवटचे पिशवीबंद काम फेरचाचणीनंतर, माल दुकानाकडे निघण्याआधी केले, तर 85 च्या खाली गेलेला लॉट सरळ बाजार समितीत धान्य म्हणून जातो. उत्पादकाचे नुकसान तेव्हा बियाण्याचा भाव आणि गव्हाचा भाव यांतल्या फरकाएवढे होते, तेही एकट्याचे आणि आधी कळलेले. तोच लॉट पिशवीत भरून विकला गेला तर 500 एकरांवरची मशागत, पेरणीबरोबर दिलेले खत, कालव्याची किंवा विहिरीची एक पाण्याची पाळी आणि नोव्हेंबरचा एक पंधरवडा जातो, आणि त्यातला एकही रुपया उत्पादकाच्या हिशेबवहीत लिहिला जात नाही.